काचेच्या बशीतील चहा

हिरव्या चहातील ‘ईजीसीजी’ या संयुगाने प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगपेशींची वाढ मंदावते, आणि जस्ताची जोड मिळाल्यास हा परिणाम वाढतो, असे प्रयोगशाळांत आढळले आहे. यात अद्भुत काही नाही. निरोगी प्रोस्टेट ग्रंथी जस्ताचा मोठा साठा बाळगते आणि कर्करोग जडल्यावर तो बराच घटतो, हे सर्वमान्य आहे. तथापि काचेच्या बशीतील पेशींना संयुगाची जी मात्रा मिळते, ती चहाचे काही पेले घेऊन रक्तात कधीच उतरत नाही.

मग माणसांवरील प्रयोग काय सांगतात? २००६ साली इटलीत कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या ६० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर चहातील संयुगे दिली. त्यांपैकी एकालाच कर्करोग झाला. उरलेल्या तिसांत नऊ जणांना. आशा पल्लवित व्हावी असाच हा आकडा! पण २०१५ साली अमेरिकेत ९७ जणांवर झालेल्या अशाच प्रयोगात संख्याशास्त्रीय कसोटीला उतरेल असा फरक आढळला नाही. जस्ताची कथा अधिक बोलकी आहे. सुमारे ४७ हजार अमेरिकन पुरुषांच्या २००३ मधील पाहणीत, रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक जस्त गोळ्यांतून घेणाऱ्यांत बळावलेल्या कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु ‘जितके जस्त, तितके संरक्षण’ हा हिशेब तिने मोडीत काढला.

निर्णायक प्रयोगाला हजारो माणसे, अनेक वर्षे आणि अमाप पैसा लागतो. चहा आणि जस्त यांवर कोणाची मक्तेदारी नाही. निष्कर्ष अनुकूल निघाला तरी त्याचा लाभ सर्वच विक्रेत्यांना मिळणार. मग खर्च कोणी करावा? अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची ही जुनीच अडचण आहे. विक्रेत्याला बशीतला निष्कर्ष पुरतो, किंबहुना त्यापुढे न जाण्यातच त्याचे हित असते. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार अशी पूरके अन्न म्हणून विकली जातात. औषधासारखी परिणामकारकता त्यांना सिद्ध करावी लागत नाही. तेव्हा संशोधनाचा भार सरकारने उचलावा आणि त्यासाठी याच पूरकांच्या विक्रीवर अल्पसा अधिभार बसवावा, हे न्याय्य ठरेल.

तोवर गोळी आणि पेला यांत भेद केलेला बरा. दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक ‘ईजीसीजी’ पूरकांतून घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू लागतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ सालीच नोंदविले आहे.