सिमेंटच्या पोटातले मेण

विहीर म्हटली की आपल्याला रहाट, पोहरा आणि खोल गेलेल्या पायऱ्या आठवतात. परंतु सगळ्याच विहिरी पाण्याच्या नसतात. जमिनीखालचे किंवा समुद्राखालचे तेल आणि वायू वर काढण्यासाठीही विहिरी खणतात. त्या अगदी अरुंद आणि काही किलोमीटर खोल असू शकतात. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात 'मुंबई हाय' येथे तेल सापडले, ते अशाच विहिरीतून.

या विहिरीला दगडी बांधकाम करता येत नाही. म्हणून तिच्यात पोलादी नळ सोडतात. नळ आणि भोवतालची माती यांच्यामध्ये फट राहते. ती बुजवायची कशी? एवढ्या खोल कोणता गवंडी उतरणार? मग सिमेंटचे पातळ मिश्रण पंपाने नळातून खाली ढकलतात. ते तळाशी बाहेर पडते, नळाच्या बाहेरून फटीत वर चढते आणि तेथेच घट्ट होते. हे काम नीट झाले नाही तर खालचा वायू वाट काढत वर येतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलफलाटावर मोठा स्फोट झाला आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले. विहिरीच्या तळाच्या सिमेंटने वायू अडवला नाही, हे त्या दुर्घटनेचे एक मुख्य कारण असल्याचे चौकशीत आढळले.

आता सिमेंटची एक खोड पाहा. सिमेंटमध्ये पाणी घातले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि तीतून उष्णता बाहेर पडते. घराचा स्लॅब पातळ असतो, त्यामुळे ही उष्णता हवेत निघून जाते आणि आपल्या लक्षात येत नाही. पण सिमेंटचा साठा मोठा असला की ती आतच कोंडते. अमेरिकेतील हूव्हर धरण १९३० नंतरच्या काही वर्षांत बांधले, तेव्हा काँक्रीटच्या आत लोखंडी नळ्या घालून त्यांतून थंड पाणी फिरवावे लागले होते.

खोल समुद्रात ही उष्णता एका वेगळ्याच कारणाने घातक ठरते. तेथील तळाचे पाणी फार थंड, सुमारे ४ अंश सेल्सिअस असते. शिवाय १००० मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ १०० पट होतो. अशा थंडीत आणि दाबाखाली मिथेन वायू पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकतो आणि बर्फासारखा घन पदार्थ तयार होतो. त्याला 'गॅस हायड्रेट' म्हणतात. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर पेटतो! आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात २००६ साली त्याचे साठे सापडले. एक घनमीटर हायड्रेट विरघळले की सुमारे १६० घनमीटर वायू मोकळा होतो. आता विचार करा, अशा थरातून विहीर गेली आहे आणि फटीतले सिमेंट तापू लागले आहे. भोवतालचे हायड्रेट विरघळते, वायू सुटतो, अजून न सुकलेल्या सिमेंटमध्ये शिरतो आणि त्यात वाटा पाडतो. ज्या सिमेंटने वायू अडवायचा, तेच त्याला जागे करते.

तेथे थंड पाण्याच्या नळ्या घालायला जागा नसते. म्हणून शास्त्रज्ञांनी मेणाची मदत घेतली. मेण म्हणजे उर्दूतला मोम.

मेण का, हे समजण्यासाठी आधी बर्फाकडे पाहू. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तरीही वितळून झालेले पाणी शून्य अंशाचेच असते. तीच उष्णता त्या पाण्याला दिली असती तर ते ८० अंशांपर्यंत तापले असते. वितळताना पोटात घेतलेल्या या उष्णतेला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. मेणही वितळताना अशीच उष्णता गिळते, बर्फापेक्षा थोडी कमी. परंतु त्याचा मोठा गुण असा की, हवा तो द्रवणांक निवडता येतो. रेणूत १६ कार्बन अणू असलेले पॅराफिन सुमारे १८ अंशांना वितळते, तर १८ कार्बनचे सुमारे २८ अंशांना. निवड मात्र जपून करावी लागते. सिमेंट तापण्याआधीच मेण वितळून गेले तर ते घालून काय उपयोग?

मेण तसेच मिसळले तर वितळल्यावर ते सिमेंटभर पसरेल. म्हणून ते अतिसूक्ष्म कुप्यांत भरतात. वितळलेले मेण पाण्यात जोराने घुसळून त्याचे बारीक थेंब करतात आणि प्रत्येक थेंबाभोवती प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पातळ कवच चढवतात. या कुप्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान असू शकतात. ही कल्पना जुनीच आहे. दुकानदाराच्या बिलबुकात कार्बन कागद नसतानाही खालच्या पानावर अक्षरे उमटतात, हे तुम्ही पाहिले असेल. वरच्या पानाच्या मागे रंगद्रव्याच्या अशाच कुप्या असतात आणि पेनाच्या दाबाने त्या फुटतात. आपल्या कामात मात्र कुप्या फुटून चालत नाही. मिसळताना आणि पंपाने ढकलताना त्या टिकल्या पाहिजेत.

सिमेंट तापू लागले की कुपीतले मेण वितळते आणि उष्णता घेते. ही उष्णता नाहीशी होत नाही. पुढे सिमेंट थंड होऊ लागले की मेण पुन्हा घट्ट होते आणि ती हळूहळू परत देते. तोवर सिमेंटने जोर धरलेला असतो. पण कुप्या जितक्या जास्त, तितके सिमेंट कमकुवत, कारण मेणाला स्वतःची ताकद नसते. म्हणून किती कुप्या घालायच्या, हे प्रयोगशाळेत सिमेंटचे नमुने तापवून, थंड करून आणि शेवटी दाबाखाली फोडून ठरवतात.