कापराची होडी : पाण्याच्या पृष्ठभागावरील एक शोध

मुठा खोऱ्यात पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. टेमघर धरणाचा जलाशय, तुडुंब भरलेली भातखाचरे, पावसाळ्यात डोंगरकड्यांवरून उतरणारे ओहोळ हे सारे आपल्या परिसराचे नित्याचे रूप आहे. तथापि पाण्याच्या अगदी वरच्या थरात काय घडते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक परात, स्वच्छ पाणी व कापराचा लहानसा खडा पुरेसा होतो.

जुन्या लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत पुठ्ठ्याची बोटभर लांबीची होडी कापावी. मागील बाजूस खाच पाडून तीत कापराचा खडा असा बसवावा की तो पाण्याला स्पर्श करील. होडी पाण्यावर सोडताच ती आपोआप पुढे निघते. (कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो; म्हणून मुलांनी हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा.)

वल्हे नाही, शीड नाही, मग होडीला गती कोण देते? पाण्याचे रेणू एकमेकांना आकर्षित करतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्याप्रमाणे सर्व दिशांनी सारखा ओढ घेत असतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. २० अंश सेल्सिअस तापमानास शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन असतो. कापराचा अंश पाण्यावर पसरला की त्या ठिकाणी हा ताण कमी होतो. होडीच्या मागची ओढ दुबळी होते, पुढची मात्र पूर्ववत राहते. रस्सीखेचीत एका बाजूच्या गड्यांनी हात सैल सोडावेत, तसाच हा प्रकार आहे. कापूर होडीला मागून ढकलतो असे वाटते. वस्तुतः पुढचे पाणीच तिला ओढून नेते. पृष्ठताणातील फरकामुळे होणाऱ्या अशा हालचालींचा अभ्यास इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांनी १८६५ साली मांडला. त्यांच्याच नावाने हा परिणाम आज ओळखला जातो.

कापराच्या जागी साबणाचा तुकडा लावला तरी होडी धावते, परंतु लवकरच थांबते. साबण पाण्यावर साचत जातो आणि पुढचा-मागचा भेद नाहीसा होतो. कापूर मात्र हवेत उडून जातो. पृष्ठभाग पुन्हा मोकळा होत राहतो आणि होडी बराच वेळ फिरत राहते.

परातीला तेलाचा ओशटपणा असेल तर कापराची होडी जागची हलत नाही. तेव्हा प्रयोग फसला असे समजू नये. परात स्वच्छ नाही, एवढेच पाणी सांगत असते. लॉर्ड रॅले यांनी १८९० साली ८४ सेंटीमीटर व्यासाच्या पात्रात कापराची हालचाल थांबवण्यास किती ऑलिव्ह तेल लागते हे मोजले. एक मिलिग्रॅमहूनही कमी तेल पुरले. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे सहा लाखाव्या भागाइतकी भरली. रेणूंच्या आकाराचा अंदाज असा कापराच्या खड्याने दिला.

याच विषयातील एक नाव आपल्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, अवश्य लक्षात ठेवावे. जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठाचे दार बंद होते, कारण त्या काळी तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळून त्यांनी स्वयंपाकघरातच पाण्याच्या पृष्ठभागाची मोजमापे घेतली. त्यासाठी पत्र्याचे पसरट पात्र व त्यावर सरकणारी पट्टी हे साधन त्यांनी स्वतः तयार केले. भावाने पाठविलेली पुस्तके हाच त्यांचा वर्ग होता. १८९१ साली त्यांनी आपले निष्कर्ष रॅले यांना पत्राने कळविले आणि रॅले यांच्या शिफारशीने ते ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्याच धर्तीच्या पात्रावर काम करणारे अर्विंग लँगम्युअर यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पॉकेल्स यांना मानद डॉक्टरेट प्रदान करण्यात आली.

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक नव्हते, अशी अनेक मुले निवासी विद्यालयांत शिकून गेली व आजही शिकत आहेत. साधनांचा अभाव खरा आहे आणि तो दूर झालाच पाहिजे. परंतु तोवर जिज्ञासेने थांबून राहण्याचे कारण नाही. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती एवढीच आहे की, घरातील मुलांसमवेत ही होडी एकदा सोडून पाहावी. ती किती वेळ चालली हे घड्याळ लावून वहीत टिपावे, आणि पाणी बदलून पुन्हा मोजावे. गंमत आणि विज्ञान यांतील अंतर त्या टिपणाने मिटते.