त्रिकोण सोयीने ठेवला तर सिद्धता खोटी ठरते का?

मागच्या रांगेत शाळेतली मुलं दिसतायत, म्हणून फळा मागवून घेतलाय.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवलं, गणित नव्हे. तरी आज त्रिकोणावर बोलतोय, कारण एक जुनी चूक फेडायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तर्कशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने सिद्धतेचा नमुना म्हणून अपोलोनियसचं प्रमेय घेतलं. त्रिकोणाचा पाया क्ष-अक्षावर ठेवला, पायाचा मध्यबिंदू बरोबर आरंभबिंदूवर. मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "अरे, तू सोयीचा त्रिकोण निवडलास. हे एका त्रिकोणाचं झालं, सगळ्यांचं कुठे?" तो खाली बसला. पोरगा बरोबर होता आणि मी चूक.

दहावीच्या मुलांना हे प्रमेय पायथागोरसच्या प्रकरणात भेटतं. अबक त्रिकोणात अम ही मध्यगा असेल, तर अब² + अक² = २अम² + २बम². पुस्तकी सिद्धतेत अ पासून लंब टाकायचा, मग म पाशी एक कोन विशाल आणि दुसरा लघु, असा हिशेब ठेवत जायचं. आता त्या मुलाची रीत बघा. म (०, ०), ब (−त, ०), क (त, ०), अ (च, छ).

अब² = (च + त)² + छ²
अक² = (च − त)² + छ²

बेरीज करा. मधली २चत ही पदं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं २(च² + छ²) + २त². कंसातलं अम², आणि त² म्हणजे बम². झालं! अ डावीकडे कलला तर च ऋण होतो, चिन्ह आपोआप सगळं सांभाळतं. विशालकोन कुठला, लघुकोन कुठला, विचारावंच लागत नाही.

मग माझ्या आक्षेपाचं काय? आपलं रोजचं उदाहरण घेऊ. बोरीबंदरपासून ठाणं सुमारे ३४ किलोमीटर, कल्याण सुमारे ५४. दोघांमधलं अंतर २०. उद्या मोजणी कल्याणपासून सुरू केली, तरी ठाणं-कल्याण अंतर २०च राहणार. तुमची सात बाविसची गाडी काही लवकर पोचणार नाही. शून्य कुठे मांडायचं हे आपण ठरवतो, अंतर आपण ठरवत नाही. त्रिकोण उचलून सरकवला, फिरवला, तरी बाजू आणि कोन तेच.

पण ही मोकळीक किती? मोजता येते, आणि मला हे फार उशिरा उमगलं. तीन बिंदू म्हणजे सहा संख्या. सरकवण्यात दोन खर्च होतात, फिरवण्यात एक. उरल्या तीन : त, च, छ. आणि त्रिकोण ठरायला किती बाजू लागतात? तीनच. मुलांनो, तुमची बाबाबा कसोटी! हिशेब जुळला, म्हणजे काही हरवलं नाही.

आता समजा, कुणी आणखी सोय म्हणून अ थेट (०, छ) वर ठेवला. अक्षरं दोनच उरली. त्रिकोण गुपचूप समद्विभुज झाला, आणि मग "मध्यगा पायाला लंब असते" असलं भलतंच प्रमेयही सिद्ध होईल! आपल्या न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे, उपाधी. जिथे अग्नी तिथे धूर, असं कुणी म्हटलं तर नैयायिक म्हणतो, थांबा, लाकूड ओलं होतं का? ओलं सरपण ही न सांगितलेली अट. इथे च = ० हे ओलं लाकूड. बर्कलीनेही १७१० साली हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला : आकृती एका विशिष्ट त्रिकोणाचीच असते, पण तिचा विशेष गुण सिद्धतेत वापरला नसेल तर निष्कर्ष सगळ्यांना लागू. मी हे वर्गात शिकवत होतो, बरं का! फळ्यावर समोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही.

एका मुलीने चिठ्ठी पाठवलीय : आरंभबिंदू नेहमी मध्यावरच घ्यायचा का? नाही. प्रश्न बघून घ्यायचा. तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात, हे दाखवायचं असेल तर आरंभबिंदू अ पासून टाकलेल्या लंबाच्या पायथ्याशी ठेवा. अ (०, छ), ब (प, ०), क (फ, ०). अक्षरं पुन्हा तीन, म्हणजे परवानगी आहे. अक चा चढ −छ/फ, म्हणून ब मधून जाणाऱ्या शिरोलंबाचा चढ फ/छ. तो य-अक्षाला (०, −पफ/छ) मध्ये छेदतो. अ चा शिरोलंब म्हणजे य-अक्षच. आता क चा. नवं गणित करायचं नाही, फक्त प आणि फ यांची अदलाबदल करा. उत्तर बदललं का?

(मागच्या रांगेतून : नाही.)

नाही. बिंदू तोच. प किंवा फ शून्य असेल, म्हणजे ब किंवा क पाशी काटकोन असेल, तर मात्र भागाकार जरा जपून मांडा. ते घरी करून बघा.