टोकाचा ठिपका

सांडवा किती रुंद हवा हे ठरवण्याआधी पूर ठरवावा लागतो. लहान धरणासाठी शंभर वर्षांतून एकदा येणारा, मोठ्यासाठी संभाव्य महत्तम पूर, असे 1985 चे भारतीय मानक सांगते. बहुतेक ओढ्यांचा विसर्ग कुणी मोजलेलाच नसतो. म्हणून टेबलावर येतात त्या पावसाच्या नोंदी.

प्रत्येक वर्षाचा एका दिवसातला सर्वाधिक पाऊस वेचायचा. पण पर्जन्यमापक वाचतात सकाळी साडेआठला. पहाटे लागलेली झड दुपारपर्यंत चालली तर तिचे दोन तारखांत तुकडे होतात. त्यासाठी आकड्यात तेरा-पंधरा टक्के भर घालतात. मग उतरता क्रम. चाळीस वर्षांच्या नोंदी असतील तर सर्वांत मोठ्या आकड्याला 41 वर्षांचा परतावा काळ मिळतो, दुसऱ्याला साडेवीस. हे ठिपके गुम्बेलच्या आलेखावर मांडून रेघ शंभरापर्यंत लांबवायची. खालचे ठिपके गुमान रेघेवर बसतात. टोकाचा एखादाच सुटून वर जातो. खरा वाद त्याच्यावरून.

कारण ही रेघ सगळी वर्षे एकाच हवामानातली मानते. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला 24 तासांचा पाऊस भरला 594 मिलिमीटर. मग पन्नास-साठच्या दशकांतले आकडे ठेवायचे की गाळायचे? गाळले तर नोंद तोकडी पडते आणि एकच वर्ष रेघ हलवते. ठेवले तर रेघ खाली ओढली जाते. मी ठेवावेत या मताचा आहे, पण वर उघड भर घालून. जर्मनीतले बव्हेरिया राज्य शतवार्षिक पुरावर 15 टक्के चढवते. उपाय ढोबळ, पण नकाशावर दिसतो तरी!

भर पावसावर घालायची की पुरावर, हेही बघावे लागते. 300 मिलिमीटरपैकी 60 जमिनीत मुरले तर 240 वाहते. पाऊस 15 टक्के वाढला, मुरणे तेवढेच राहिले, तर 285 वाहते. म्हणजे जवळपास 19 टक्के वाढ.

नवा सांडवा कागदावर रुंद करता येतो. बांधलेल्या धरणात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये जलाशय थोडा रिकामा ठेवणे एवढेच हाती उरते, आणि रब्बीच्या पाण्याची काळजी असलेला शेतकरी त्याला सहज तयार होत नाही. नदीकाठी लाल पूररेषाही याच शतवार्षिक पुरावरून आखतात. सांगलीसारख्या सपाटीवर पाणी हातभर चढले तरी ती दूरवर सरकते. त्यामुळे आमच्या बैठकीत रेघेच्या उतारापेक्षा आधी विचारले जाते, ‘किती सर्व्हे नंबर आत येतात?’