गांजायुक्त खाऊ आणि थीम पार्क

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २१ वर्षे पूर्ण झालेल्यांना १ जानेवारी २०१८ पासून परवानाधारक दुकानांत गांजायुक्त गोळ्या, चॉकलेट, बिस्किटे विकत घेता येतात. एका मात्रेत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) असू शकते. मात्र सार्वजनिक ठिकाणी सेवनास बंदी आहे आणि अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँड या थीम पार्कमध्येही गांजा नेता येत नाही.

धुरातला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला यकृतातून जात असल्याने अर्धा ते दोन तास घेतो. परिणाम जाणवत नाही म्हणून दुसरी गोळी घेतली, की पार्कमधील ऊन, गर्दी आणि वेगवान पाळण्यांत धडधड, घबराट, चक्कर, उलट्या होऊ शकतात. हा अंमल कित्येक तास टिकतो. मुलांना तर हा खाऊ साध्या मिठाईसारखाच दिसतो. म्हणून तो कुलपात ठेवावा आणि सहलीला मुळीच नेऊ नये.