दाखल्यात हरवणारा सेप्सिस

पुण्यात कुणाच्या घरी भेटायला गेलं की ही वाक्यं हमखास कानावर येतात. ‘साधा न्यूमोनिया होता, मग किडन्या गेल्या.’ ‘शुगर होतीच, पायाची जखम चिघळली आणि इन्फेक्शन अंगभर पसरलं.’ ‘डॉक्टर म्हणाले, मल्टी-ऑर्गन फेल्युअर.’ घरं वेगळी, आजारांची नावं वेगळी, पण शेवटच्या चार-सहा दिवसांत आत जे घडलं ते बहुतेक वेळा एकच असतं. त्याला सेप्सिस म्हणतात.

आधी आकडा पाहू. २०२० च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. म्हणजे त्या वर्षी जगात मेलेल्या दर पाच माणसांमागे एक. भारताचा अंदाज सुमारे १ कोटी १३ लाख रुग्ण आणि २९ लाख मृत्यू असा होता. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाखांच्या वर माणसं राहत होती. जवळजवळ तेवढी माणसं देशात वर्षभरात जात असतील, तर या आजाराचं नाव आपल्या तोंडी का नाही?

एक कारण असं, की सेप्सिस हा एखाद्या विशिष्ट जंतूचा आजार नाही. जंतू कुठलाही असेल, शिरण्याची जागा कुठलीही असेल: फुप्फुस, मूत्रमार्ग, पोट, बाळंतपणानंतरचं गर्भाशय, टाचेची भेग. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडतो आणि त्यामुळे अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस.

धनकवडीतल्या सत्तरीच्या एका मधुमेही आजी डोळ्यांपुढे आणा. लघवीला जळजळ, बारीक ताप. घरातल्या घरात क्रोसिन चालू आहे. जंतू मूत्रपिंडातून रक्तात उतरले की पांढऱ्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. थोडे असतील तर ते उपकारकच असतात. ते सगळीकडे पसरले की रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपतं, रक्तदाब उतरतो. बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं, म्हणून सकाळपासून लघवी झालेली नसते. शरीरात आम्ल साठतं, म्हणून श्वास भराभर चालतो. मेंदूला पुरवठा कमी पडला की आजी असंबद्ध बोलू लागतात, आणि घरचे म्हणतात, ‘तापात बरळतेय.’ कित्येकदा तापही नसतो. म्हाताऱ्या माणसात आणि तान्ह्या बाळात अंग उलट गार पडतं. इथे बरेच जण फसतात.

आता समजा, या आजी अतिदक्षता विभागात दगावल्या. रुग्णालय नमुना क्रमांक ४ भरतं, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात ओळी एकाखाली एक असतात. सर्वांत वर मृत्यूचं तात्काळ कारण, खाली ते कशामुळे, त्याच्याही खाली ते कशामुळे. वर ‘सेप्टिक शॉक’ लिहिलं जाईल, खाली ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’, आणि मधुमेह बाजूच्या भागात. आकडेवारीत मात्र एकच कारण मोजतात, साखळीच्या मुळाशी असलेलं. पद्धत म्हणून ते बरोबरच आहे, कारण मूळ कळलं तर प्रतिबंध करता येतो. पण सेप्सिस त्या मोजणीतून गळतो. कधी उलटही होतं: घाईत नुसतं ‘सेप्टिसीमिया’ लिहून सही केली जाते आणि मूळच हरवतं. शिवाय असं प्रमाणपत्र असतं तरी कितींचं? २०२० च्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं.

मग २९ लाख आले कुठून? संशोधकांनी ज्या मूठभर देशांत दाखल्यावरच्या सगळ्या ओळी जपल्या जातात, तिथल्या १० कोटी ९० लाख मृत्यूंच्या नोंदी घेतल्या. कुठल्या मूळ आजारात किती वेळा सेप्सिसही लिहिलेला आहे, याचं प्रमाण काढलं आणि ते इतर देशांच्या मृत्यूंना लावलं. रुग्णांची संख्या काढायला ८७ लाख रुग्णालयीन नोंदी वापरल्या. भारताचा आकडा असा बव्हंशी परक्यांच्या कागदांवर उभा आहे. तो खोटा नाही, पण तो अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच वाचायला हवा.

आपल्या मातीतला आकडा कसा मिळवायचा, याचा एक धडा पुण्याजवळच आहे. केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र वढू बुद्रुकच्या परिसरात शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची आरोग्यनोंद २००२ पासून ठेवतंय. घरात मृत्यू झाला की काही काळाने प्रशिक्षित कार्यकर्ता जाऊन ओसरीवर बसतो आणि विचारतो: ताप किती दिवस होता? धाप कधी लागली? लघवी कमी झाली होती का? शुद्ध केव्हा हरपली? ती उत्तरं वाचून डॉक्टर कारण ठरवतात. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. काम चिकाटीचं आणि दुःखाच्या घरात शिरण्याचं. मला ते कुठल्याही गणिती प्रारूपाइतकंच मोलाचं वाटतं.

पुण्याने हा आजार दुसऱ्या नावांनी पुष्कळ पाहिलाय. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. प्लेगचे जंतू रक्तात पसरले की तो सेप्सिसच असतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले कोविडचे पहिले रुग्ण इथेच सापडले. फ्लू असो की कोविड, विषाणूंमुळेही सेप्सिस होतो. साथ तिच्या नावाने मोजली जाते, आणि साथ नसतानाचे मृत्यू कुणाच्याच डोळ्यांत भरत नाहीत.

उपचारांत सगळा खेळ वेळेचा आहे. रक्ताचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, घेऊन लगेच शिरेतून प्रतिजैविक आणि सलाईन, बीपी वर येईना तर नॉरअ‍ॅड्रिनलिन. शॉक असेल तर पहिलं प्रतिजैविक तासाभरात जावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात, तोवर थांबून चालत नाही.

आणि हे फक्त मोठ्या रुग्णालयातच जमतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला आणि घरी जाऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. वेळेवर ओळखणं एवढं काम करतं.

पण ते इंजेक्शन चालायला तर हवं! १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलीन देशात बनणं हीच मोठी गोष्ट होती. आज अतिदक्षता विभागांत मेरोपेनेमसारख्या तगड्या प्रतिजैविकालाही दाद न देणारे क्लेबसिएला जंतू भेटतात. सर्दीला मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली गोळी आणि अर्धवट सोडलेला कोर्स, दोन्हींचा त्यात हात आहे.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. घरात कुणाला जंतुसंसर्ग झालाय आणि मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त चाललाय, वरचं बीपी १०० किंवा खाली आलंय, माणूस गोंधळलाय, लघवी होत नाहीये, हातपाय गार पडलेत, किंवा बाळ अंगावर ओढेनासं झालंय, तर यांतलं एकही लक्षण पुरेसं समजा. सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा सेप्सिस तर नाही ना?’