पान सापडत नाही, तेव्हा

वडसा आणि देसाईगंज ही दोन वेगळी ठिकाणे नव्हेत. गडचिरोली जिल्ह्यातील या तालुक्याचे शासकीय नाव देसाईगंज, रेल्वे स्थानकाचे नाव मात्र वडसा. चंद्रपुरातही एका स्थानकाने ‘चांदा फोर्ट’ हे जुने नाव जपले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा अहेरी व सिरोंचा येथील रहिवाशांच्या पत्त्यातील जिल्हाच बदलला. जुन्या पत्त्यावरचे पत्र हाती पडले तर टपाल खात्यातील जाणता कर्मचारी ते परत न धाडता, नवा पत्ता घालून पुढे रवाना करतो. संकेतस्थळावर हेच काम त्रुटिपृष्ठाने करावयाचे असते.

मोबाइलवर एखादे पान उघडणे म्हणजे दूरच्या सर्व्हरकडे त्या पानाच्या पत्त्यासह मागणी नोंदविणे होय. सर्व्हर प्रत्येक मागणीला तीन आकडी संकेताने उत्तर देतो. पहिला आकडा ४ असेल तर मागणीत दोष, ५ असेल तर खुद्द सर्व्हरमध्ये. ‘४०४’ म्हणजे या पत्त्यावर पान नाही. ‘४१०’ म्हणजे पान कायमचे काढून टाकले. ‘५०३’ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. ‘३०१’ हा संकेत मात्र त्या टपाल कर्मचाऱ्यासारखा आहे: पान नव्या पत्त्यावर गेले असल्याचे सांगून तो वाचकास आपोआप तेथे पोहोचवितो. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या जागतिक माहितीजालाची उभारणी केली, त्याच्या वाढीबरोबर ही पद्धती रूढ झाली. ४०४ हा तेथील एका खोलीचा क्रमांक होता, ही कथा चवीने सांगितली जाते. तथापि ती खरी नाही.

पाने हरविण्याचे प्रमाण किरकोळ नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी सुमारे ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. त्यामुळे जगभरातील व्यापाऱ्यांनी या रित्या पानाचाही उपयोग करून घेतला. ॲमेझॉनने आपल्या कर्मचाऱ्यांच्या कुत्र्यांची छायाचित्रे तेथे लावली. क्रोम ब्राउझरने २०१४ पासून जोडणी तुटताच उड्या मारणाऱ्या डायनासोरचा खेळ दिला. बेल्जियममध्ये २०१२ साली सुरू झालेल्या उपक्रमात तर ४०४ च्या पानावर हरविलेल्या बालकांची छायाचित्रे झळकली. सापडत नसलेल्या पानाचा याहून चांगला विनियोग क्वचितच झाला असेल.

गंमत वावगी नाही. पण ती कोणासाठी आहे, हे पाहिले पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा भागातील मनुष्य दिवसाची मजुरी बुडवून आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यासाठी येतो, आणि पडद्यावर केवळ इंग्रजी वाक्य व एक आकडा उमटतो. अर्ज पोहोचला काय? शुल्क कापले गेले काय? उद्या यावे की पुढच्या आठवड्यात? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर सुंदर चित्र त्याच्या काहीच कामाचे नाही. शिवाय मंद नेटवर्कवर ते जड चित्र उमटतच नाही. दुर्गम भागासाठी त्रुटिपृष्ठ हलके, मुख्यतः अक्षरांचे आणि मराठीत असावे, असा आग्रह धरणे गैर ठरणार नाही.

पैशाचा प्रश्न

व्यवहार अर्धवट राहिला की ग्राहक घाबरून पुन्हा पैसे भरतो. त्रुटिपृष्ठावर व्यवहार क्रमांक, वेळ आणि ‘पुन्हा पैसे भरू नका, आधी खाते तपासा’ एवढी सूचना असली तरी मोठा घोळ टळतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी यासंबंधी नियम घालून दिले. यूपीआयने दुकानदारास पैसे देताना खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुकानदाराकडे व्यवहाराची खातरजमा पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे होणाऱ्या विलंबास प्रतिदिन १०० रुपये भरपाई आहे. हा नियम नेमका त्या पानावरच छापलेला असावा. ग्राहकास त्याची गरज तेथेच भासते.

ताडोब्याच्या परिसरात निवास व्यवस्था चालविणाऱ्यांपुढे निराळाच प्रसंग असतो. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. त्या काळात आरक्षणाचे पान नुसतेच काढून टाकले, तर पर्यटक दुसरीकडे वळतो. त्याऐवजी गाभा क्षेत्र केव्हा उघडेल, बफर क्षेत्रात काय पाहता येईल आणि चौकशी कोठे करावी हे त्याच पत्त्यावर सांगितले, तर गेलेला ग्राहक ऑक्टोबरमध्ये परत येण्याचा संभव असतो. बांबूच्या वस्तू विकणाऱ्या बचत गटाचेही तसेच. संपलेल्या टोपलीचे पान पुसू नये. तिच्या जागी तशीच दुसरी टोपली आणि मागणी नोंदविण्याची सोय दाखवावी. मात्र अस्तित्वात नसलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता सरसकट मुखपृष्ठाकडे वळविण्याची जी चाल पडली आहे, ती टाळलेली बरी. आपण चुकलो की पान गेले, हे वाचकास त्यातून कळतच नाही.

शोधाची चौकट ही या पानावरील सर्वांत उपयुक्त वस्तू होय. पण तिला स्थानिक नावे ठाऊक हवीत. ‘वडसा’ लिहिले तरी देसाईगंज मिळावे, ‘चांदा’ लिहिणाऱ्यास चंद्रपूर दिसावे, आणि आलापल्लीचे ‘अल्लापल्ली’ केले म्हणून कोणी रिकाम्या हाताने परतू नये. ही यादी तंत्रज्ञाला एकट्याने करता येणार नाही. तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या जिभेवर ती तयार असते.

शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. २०१८ व २०२३ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तुटलेले दुवे राहू नयेत, ही अपेक्षा त्यांत आहे. तपासणीस खर्च नाही: कार्यालयाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे मुद्दाम दोन निरर्थक अक्षरे जोडावीत, काय उमटते ते पाहावे, आणि मग जुन्या परिपत्रकांत छापलेले पत्ते एकेक करून उघडावेत.